ह्यात मी कंची?

१ जानेवारीला आमच्याकडे कोणी घरात बसत नाही. वाघोलीहून नगर रस्त्याने निघायचे, लोणीकंद मागे टाकायचे की पेरणे फाटा आला. तेथे भीमेच्या काठी जयस्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. त्यांतली २२ नावे ‘नाक’ या अक्षरांनी संपतात, ती आपल्या महार पूर्वजांची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे मानवंदना देण्यास आले. आज तेथे लाखोंचा समाज लोटतो.

आमचा मुलगा लग्नाचे आणि विहारातल्या कार्यक्रमांचे फोटो काढतो. मागच्या खेपेस त्याने १० ते १८ मिलिमीटरची वाइड अँगल लेन्स एका दिवसाच्या भाड्याने आणली. आमचा हिशेब सोपा होता. लेन्स जितकी रुंद, तितके जास्त मावणार. स्तंभ, निळे झेंडे, सारी गर्दी आणि त्यात आमची आई, सगळे एकाच फोटोत!

घरी येऊन फोटो टीव्हीवर लावला. आई पुढे सरकली, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, “समदं हाय रं बाबा. पर ह्यात मी कंची?”

आम्ही हसलो, आणि मग गप्प झालो. खरोखरच स्तंभ अगरबत्तीच्या काडीएवढा दिसत होता आणि आई तिळाएवढी. आई आणि वडील, दोघांनी वाघोलीच्या खाणीत दगड फोडला. वडिलांचा घरात एकच फोटो आहे, तोही कागदपत्रासाठी काढलेला, अंगठ्याएवढा. आईच्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून तर आमचा हा खटाटोप होता.

दोष लेन्सचा नव्हता, आमच्या समजुतीचा होता. रुंद लेन्स जास्त मावून घेते, पण त्यासाठी प्रत्येक वस्तू लहान करते. दूर उभे राहून तिने फोटो काढला तर आभाळ आणि रिकामी जमीनच जास्त येते. ही लेन्स जवळ जाण्यासाठी आहे, हे आम्हांला त्या फोटोने शिकवले.

मग गर्दी नसलेल्या दिवशी आईला घेऊन पुन्हा गेलो. स्तंभ सुमारे ६० फूट उंच. कॅमेरा वर तिरपा केला की स्तंभ मागे कलल्यासारखा दिसतो, म्हणून कॅमेरा उभा पण सरळ धरायचा. तसा धरल्यावर आमच्या नेहमीच्या १८-५५ च्या लेन्सला १८ वर शेंडा मावण्यासाठी ८५-९० फूट मागे जावे लागते. १० मिलिमीटरला ५० फूट पुरतात. एरवी मागे सरकायला जागा असते, तेव्हा जुनी लेन्सही काम देते. १ जानेवारीच्या गर्दीत मात्र एवढे मागे गेले तर मध्ये हजार डोकी येतात.

स्तंभापासून ५० फुटांवर मुलगा थांबला. आईला त्याने स्वतःपासून पाचच फुटांवर उभे केले, अगदी कडेला नाही. फोटोच्या कडेला चेहरा ताणल्यासारखा येतो. एफ ८ ठेवल्यावर आईही स्पष्ट आली आणि स्तंभही. पांढऱ्या साडीच्या चुण्या उन्हात पुसल्या जाऊ नयेत म्हणून उजेड थोडा कमी केला. फोटोत आई जवळजवळ स्तंभाच्या तोलाची दिसली. हातांवरच्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात.

आता प्रश्न होता विकत घेण्याचा. नुकतीच भिशी लागली होती, आणि धाकटीची फीही भरायची होती. आम्ही फी आधी भरली. उरलेल्या पैशांत वापरलेली लेन्स घेतली. आमचा कॅमेरा कॅननचा, लहान सेन्सरचा. त्याला कॅननची १०-१८ बसते. ती २०१४ साली आली, वजन पाव किलोच्या आत. निकॉनवाल्यांसाठी १०-२० आहे, पण ती काही जुन्या बॉडींवर आपोआप फोकस करत नाही. तेव्हा आपली बॉडी बरोबर नेऊनच घ्यावी. जुनी लेन्स घेताना बॅटरीचा उजेड आरपार टाकून पाहावा. आत जाळीसारखी बुरशी दिसली तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. शक्य असेल तर आधी एक दिवस भाड्याने आणावी. आमची चूक त्या भाड्यातच उमगली, नाहीतर ती लेन्सच्या किमतीला पडली असती. विहाराच्या लहानशा खोलीत सगळी मंडळी बसवायलाही आता हीच लेन्स कामी येते.

फोटो भिंतीवर लावला तेव्हा आईने काठीने दाखवून शेजारणीला सांगितले, “ही मी. आन् माझ्यामागं आपला खांब.”

बंधूभगिनींनो, येत्या १ जानेवारीला आपण सारे फोटो काढणारच. मोबाईलवर काढलात तरी एवढेच करा. आपली म्हातारी माणसे आधी पुढे, अगदी जवळ उभी करा, आणि मग स्तंभ मागे घ्या. ज्यांच्या नावाचा दगड कोठे उभा नाही, त्यांचा चेहरा तरी घरात मोठा दिसू द्या. जयभीम!