जमा घटली की खूश होणारी बँक

फूड बँक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर धान्याच्या पोत्यांनी भरलेलं गोदाम होतं. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव दिलं आणि संध्याकाळी पत्त्यावर पोचलो, तर तिथे एक खोली, झाकणांचे मोठे स्टीलचे डबे, वजनकाटा आणि बाहेर एक टेम्पो. शिधा कुठेच दिसेना.

"साठवायचं काय? आपल्याकडे आलेलं आजच्या आज पोटात गेलं पाहिजे," काम बघणाऱ्या ताई म्हणाल्या.

माझ्या डोक्यातलं गोदाम अगदीच चुकीचं नव्हतं, फक्त ते अमेरिकेतलं होतं. जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये सुरू केलेली सेंट मेरीज ही जगातली पहिली फूड बँक मानली जाते. दुकानांत न खपलेला, पण खाण्याजोगा माल साठवायचा आणि गरजूंना द्यायचा, अशी तिची रीत. आमच्या टेम्पोच्या वाट्याला मात्र येतो तो मंगल कार्यालयातला मसालेभात. तो फळीवर ठेवून चालत नाही.

लग्नसराई होती. रिसेप्शन आटोपत आलं तसा फोन आला आणि आम्ही निघालो. मला वाटलं, पातेली उचलायची आणि निघायचं. ताईंनी पिशवीतून थर्मामीटर काढला आणि थेट भातात खुपसला. मग आचाऱ्याला प्रश्न: कधी उतरवलं? झाकण कधीपासून उघडं आहे? गरम अन्न साठ अंशांच्या वर हवं, थंड पाचाच्या खाली. मधल्या पट्ट्यात जिवाणू भराभर वाढतात. भात तर भलताच फसवा निघाला. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की पुन्हा डोकं वर काढतात. भात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, जिलेबी घेतली. मठ्ठा, काकडीची कोशिंबीर आणि ओल्या खोबऱ्याची चटणी नाकारली. फुकटचं अन्न नाकारणारी माणसं मी प्रथमच पाहत होतो.

तेवढ्यात मुलीकडचे एक काका ताटांचा ढीग दाखवत आले. "अहो, हेही न्या. लाडवांना तर कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"काका, एकदा ताटात वाढलं की आम्हाला चालत नाही. ते ओल्या कचऱ्यात द्या, त्याचं खत होईल."

काका नाराज झाले. मीही जरा खट्टू झालो. पण उरलेलं आणि उष्टं यांतली रेघ इथे फार ठळक आहे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने जादा अन्नाच्या वाटपासाठी २०१९ मध्ये खास नियमच केले आहेत. डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठीवर पदार्थाचं नाव, कुठून आला, कधी केला, कधीपर्यंत खायचा, हे सगळं लिहायचं. डबे टेम्पोत चढेपर्यंत ते लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं.

वाटेत मी विचारलं, "हा एवढा खटाटोप पर्यावरणासाठी कसा? अन्न तर कुजतंच, प्लॅस्टिक थोडंच आहे?"

ताई म्हणाल्या, "कुजतं, तेच तर दुखणं आहे." उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोसारख्या ढिगाखाली अन्न दबलं की त्याला हवा मिळत नाही आणि हवेविना कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता वाढवतो. शिवाय किलोभर तांदळामागे सरासरी अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी खर्ची पडतं आणि पाणी साचलेली भातखाचरंही मिथेन सोडतात. वर खत, डिझेल आणि आचाऱ्याचा गॅस आहेच. जगातल्या हरितगृह वायूंपैकी आठ ते दहा टक्के वाया जाणाऱ्या अन्नापोटी निघतात, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. भात कुणी खाल्ला तर ते पाणी, ते डिझेल निदान कारणी लागतं.

बांधकाम मजुरांच्या वस्तीवर रांग लागली. भात आणि भाजी बघता बघता संपली. पुऱ्या रेंगाळल्या, जिलेबी तर उरलीच. "गोड किती खायचं? भात आणायचा ना अजून," एका मावशींनी सुनावलं. म्हणजे देणाऱ्याकडे उरलेलं आणि घेणाऱ्याला हवं असलेलं जुळेलच असं नाही. परत आल्यावर वहीत तीन रकाने भरले: आणलं, वाटलं, उरलं. पर्यावरणाच्या खात्यात ताई फक्त मधला रकाना धरतात. गोळा केलेल्या प्रत्येक किलोला वाचलेल्या कार्बनने गुणून मोठा आकडा सांगता येतो, पण तिसऱ्या रकान्यातलं अन्न वाचलेलं नसतं, त्याचा नुसता टेम्पोतून फेरफटका झालेला असतो आणि त्यासाठी डिझेलही जळलेलं असतं.

पण खरा चक्रावलो तो दुसऱ्या दिवशी. ताईंनी वही उघडून केटररला फोन लावला. "दादा, पुऱ्या आणि जिलेबी फार उरली. शेवटच्या पंगतीला पीठ थोडं थोडं भिजवा, लागेल तसं तळा." मी म्हटलं, अशानं आपल्याला मिळणार काय? त्या म्हणाल्या, "मिळू नये म्हणूनच फोन केला." आपल्या ठेवी कमी व्हाव्यात म्हणून झटणारी बँक मला अजून नीटशी पचलेली नाही. पण हिशेब त्यांच्याच बाजूचा आहे. न शिजलेल्या भातासाठी ना गॅस जळतो, ना टेम्पो धावतो, ना थर्मामीटर लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतलं होतं. भारतात घरगुती वाटा माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो. कार्यालयाच्या मागच्या दाराशी आमचा टेम्पो उभा राहू शकतो. कुणाच्या घरच्या दोन वाट्या आमटीसाठी तो निघणार नाही, निघाला तर तोट्यात जाईल. तिथे वजनकाटा घरच्यांनीच धरायचा.