माघार

मोटार पुढें नेण्यास शिकावयाला आम्हांला पंधरा दिवस पुरले. ती मागें घेण्यास शिकावयाला तीन महिने लागले. आमच्या पुण्यांतील घराची वाटच तशी आहे. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि बाहेर पडावयाचें तर उलट पावलींच पडावें लागतें. म्हणून विजेवर चालणारी मोटार दारांत आली, तेव्हां थोरल्या बंधूंनीं पहिला प्रश्न केला तो हाच : "ही मागें नीट येते ना?"

येत होती. पण एके दिवशीं सकाळीं ती येईना, आणि दिवस तिनें निवडला तोही नेमका! वहिनींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नऊ वाजतां व्हावयाची होती. आठाच्या सुमारास वहिनी गाडींत येऊन बसल्या. दादा काठी टेकीत फाटकापाशीं उभे राहिले. ते आमच्याशीं बोलत नव्हते. वाईचें वडिलोपार्जित घर विकून टाकावें, असें आम्हीं सुचविलें होतें आणि बोलण्याच्या भरांत जें बोलूं नये तेंही बोलून गेलों होतों. त्यास तीन आठवडे लोटले होते. एका पंगतीला बसून आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे मीठसुद्धां मुलांकरवीं मागत होतों.

आम्हीं कळ दाबली. गाडी सज्ज झाल्याची खूण उमटली. चकती 'आर'कडे फिरविली. पण पडद्यावरचें 'एन' हें अक्षर जागचें ढळेना. उलट खालीं सूचना आली, "ब्रेक दाबा." पाय तर ब्रेकवरच होता! आम्हीं तो आणखी जोरानें दाबला. पुन्हां तीच सूचना. जी आज्ञा आपण पाळीतच आहों तीच कोणी पुनःपुन्हां करूं लागला, म्हणजे मनुष्याला जो संताप येतो तो आम्हांला आला.

मग घरांतील सर्व मंडळी वैद्य झाली. विद्युत् भरण्याची तार जोडलेली असतां गाडी हलत नाहीं. ती तार रात्रींच काढलेली होती. दारें नीट लावून पाहिलीं. गाडी बंद करून पांच मिनिटें तशीच ठेवली व पुन्हां सुरू केली. पुतण्यानें १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर संशय घेतला. चाकें फिरविण्याचें काम मोठी बॅटरी करते खरी. पण दिवे, कुलुपें आणि गाडीचा संगणक हा सारा कारभार या धाकटीवर चालतो आणि ती दुबळी झाली कीं गाडीला नाना भ्रम होऊं लागतात. मापकानें पाहिलें तों १२.६ व्होल्ट, म्हणजे तीही निर्दोष.

मागें जाण्याचें यंत्र बिघडलें असावें, असें आम्हीं म्हणतांच पुतण्या हंसला. पेट्रोलच्या गाडींत मागें जाण्यासाठीं एक निराळें दांतेरी चक्र असतें. या गाडींत तें नाहींच. तीन तारांतून एकामागून एक येणारे प्रवाह मोटारींत फिरतें चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. निकोला टेस्ला यांना १८८८ सालीं ज्याचीं पेटंटें मिळालीं तेंच हें तत्त्व. या प्रवाहांचा क्रम उलटला कीं चाकें उलटीं फिरतात. झिजावें किंवा अडकावें असें त्यांत फारसें कांहीं नाहीं. केवळ हुकूम सुटावा लागतो. पुतण्याच्या सांगण्यावरून ब्रेक दाबून ठेवून चकती 'डी'कडे फिरविली. तेंही अक्षर येईना. म्हणजे गाडीचा रोग माघारीचा नव्हताच!

इतक्यांत मागून आवाज आला, "अरे, तुझे मागचे तांबडे दिवे लागत नाहींत."

तीन आठवड्यांतला तो पहिला शब्द होता. ब्रेकचे दिवे ब्रेक दाबणाऱ्याला दिसत नाहींत. मागें उभा असतो त्यालाच दिसतात.

पण वेळ उरला नव्हता. रिक्षा बोलावली आणि आम्ही तिघेंही तींत दाटीनें बसून वेळेवर पोहोंचलों. वहिनींना आंत नेलें. बाकावर आम्ही दोघेच उरलों. दादांचा हात काठीवर कांपत होता. आम्ही म्हणालों, "दादा, वाईचें घर विकायचें नाहीं. माझें चुकलें."

"हें केव्हां ठरविलेंस?"

"आठ दिवस झाले."

"मग मला कसें कळावें?" ते म्हणाले, आणि बराच वेळ दाराकडे पाहत राहिले.

दुपारीं कारागीर आला. ब्रेकच्या दांडीपाशीं सुपारीएवढा एक स्विच असतो. पाय पडल्याची वार्ता तो दिव्यांना व संगणकाला देतो आणि ती मिळाल्यावांचून संगणक गाडीला मागें किंवा पुढें जाऊं देत नाहीं. त्या स्विचची जोडणी सैल झाली होती. कारागिरानें ती दाबून बसविली, दिवे दोनदां तपासून पाहिले आणि बजावलें, "मागचे दिवे लागत नसतील तर गाडी रस्त्यावर आणूंच नका, आणि नारिंगी वेष्टनाच्या जाड तारांना घरच्या कोणीं कधींही हात लावूं नये, त्यांत शेकडों व्होल्टांचा दाब असतो." आम्हीं दोन्ही गोष्टी मुलांना पाठ करावयास लावल्या.

दुसरे दिवशीं वहिनींच्या डोळ्याची पट्टी काढावयाची होती. दादा पुन्हां फाटकापाशीं जाऊन उभे राहिले. चकती फिरविली, 'आर' उमटलें.

"दिवे लागले," दादा मागून म्हणाले. "येऊं दे... येऊं दे... अजून येऊं दे."