माया जरा जास्त सोड

ती. आत्यास,


आज रविवार, माझ्या शिवणवर्गाला सुट्टी. सहा दिवस पायमशीनवर वाकून पाठ धरली आहे, म्हणून उशिरापर्यंत लोळायचं ठरवलं होतं. पण घरमालकीणबाई चर्चला निघाल्या, पट्टा ओढून बांधायला त्यांनी मला हाक मारली, आणि माझी झोप उडाली. त्यांनी गोमेसी घातला होता.

तुला नीट सांगते, कारण ऐकता ऐकता तू मनात तो बेतायला घेशील. पायघोळ, चौकोनी गळा, गळ्याच्या डाव्या अंगाला दोनच बटणं. बाह्या आखूड फुग्याच्या, पण खांद्यावर टोक काढून ताठ उभ्या राहणाऱ्या. पट्टा कमरेच्या खाली. कापड सहा मीटरपर्यंत लागतं, म्हणजे आपल्या सहावारीला जवळचंच. रेशमी कापड अंगाला चिकटू नये म्हणून आत किकोयी नावाचं सुती कापड गुंडाळतात. लग्न असो की मयत, युगांडात मान याचाच. आणि हे नाव आलंय गोम्स या आडनावावरून! गोव्याचा शिंपी गं. गयाझाला १९०५ साली मुलींची शाळा निघाली, तिच्यासाठी त्याने हा बेतला असं सांगतात.

दुपारी नदीवर गेले. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते ती इथेच, जिंजात. इंग्रज प्रवासी स्पीक १८६२ मध्ये इथे पोचला तेव्हा धबधबा होता. १९५४ च्या धरणात तो बुडाला. काठावर गांधीजींचा अर्धपुतळा आहे, त्यांच्या थोड्या अस्थी १९४८ मध्ये या पाण्यात सोडल्या होत्या. मी चप्पल काढून जरा वेळ उभी राहिले.

परतताना मुख्य रस्त्याने चालत आले. जुन्या इमारतींच्या कपाळावर बांधल्याची सालं, कुठे कुठे गुजराती नावं. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले. भरली दुकानं, मांडलेली घरं टाकून माणसं गेली, त्यांत गोवेकरही होते. त्या दारांसमोरून चर्चहून परतणाऱ्या बायका चालल्या होत्या, गोमेसी घालून. माणसं हाकलता आली, आडनाव मात्र बायकांनी अंगावरून उतरवलं नाही. मी रस्त्यातच थांबले, आत्या. तू हवी होतीस.

वर्गातल्या एकीने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, गोमेसी कधी शिकवणार? मी पुढे ढकललं, कारण मला येत नव्हता. आता घरमालकीणबाईंच्या ओळखीची एक म्हातारी शिवणारीण मंगळवारी वर्गात येणार आहे. ती बेतेल, मी बाकीच्यांबरोबर खाली बसेन.

उद्या शाळेच्या फ्रॉकचं कापड कापायचं आहे. ‘माया जरा जास्त सोड, पोर वाढत्या अंगाची आहे,’ हे तुझं वाक्य दुभाषी मुलीने सांगितलं तेव्हा सगळ्या आया मान हलवून हसल्या. दर वर्षी नवा गणवेश त्यांनाही परवडत नाही.

एक काम कर. तुझ्या ट्रंकेत फुगा बाहीचा खाकी कागदाचा नमुना आहे ना, चुण्यांच्या खुणा केलेला? त्याचा फोटो पाठव. शेजारी मोजपट्टी ठेवून काढ. मंगळवारच्या आत हवा.

तुझी,
धाकटी