घरातले जाते आणि विजेचे बिल



प्रभूची प्रार्थना आपण दर रविवारी म्हणतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तिच्यात 'ऋण' हा शब्द आहे, लूकमध्ये त्याच जागी 'पाप' आहे. ज्याच्या दारात खरोखर देणेकरी उभे आहेत, तो मत्तयाच्या त्या शब्दाशी अडखळतो. गेल्या उन्हाळ्यात आपल्या मंडळीतल्या एका कुटुंबात प्रार्थनेला बसलो तेव्हा हे पाहिले. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, नाव मात्र देत नाही.

हे कुटुंब इथेच माधवगंजात राहते. लष्करात त्यांचे तयार कपड्यांचे दुकान होते, ते बुडाले. दादांनी जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज केला. (सामान्य माणसासाठी अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. 2016 ची नवी संहिता व्यक्तींपैकी फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाली, तीही 1 डिसेंबर 2019 पासून.) अर्ज झाला म्हणजे विजेच्या बिलातूनही सुटलो, असे घरात सगळ्यांना वाटले होते. तसे नसते. मागची थकबाकी इतर कर्जांच्या यादीत जाते, पण अर्जानंतर जाळलेल्या प्रत्येक युनिटचे पैसे द्यावेच लागतात. शिवाय उसने देणारे नातेवाईक नुसते ओरडतात. वीजवाले ओरडत नाहीत, तार कापतात.

मे महिन्यात नोटीस आली. मे महिन्यातले ग्वाल्हेर तुम्हाला ठाऊक आहे, आणि आईंचे इन्सुलिन फ्रिजमध्ये होते.

एक गोष्ट मला तेव्हापासून बोचते. कंपनीचे दिवाळे निघाले की त्याच 2016 च्या संहितेप्रमाणे, प्रक्रिया चालू असेपर्यंत तिचा अत्यावश्यक पुरवठा तोडता येत नाही, आणि त्यात वीज व पाणी दोन्ही येतात. दिवाळे निघालेल्या घराला हे संरक्षण नाही. अनुवाद 24 मध्ये मात्र देव घराचाच विचार करतो. जात्याची तळीच काय, वरची पाळही गहाण घ्यायची नाही, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे. आज पीठ गिरणीत होते. पण ज्या घरात इन्सुलिन आहे, तिथे फ्रिज हेच जाते, असे मी म्हणेन.

तरी कायद्यात काहीच नाही असेही नाही. 2003 च्या वीज कायद्याचे कलम 56 वाचून ठेवा. लेखी नोटीस देऊन पूर्ण पंधरा दिवस गेल्याशिवाय थकबाकीसाठी जोडणी तोडता येत नाही. दोन वर्षांहून जुनी रक्कम मधल्या बिलांत सतत दाखवलेली नसेल, तर तिच्यासाठी पुरवठा तोडता येत नाही. आम्ही बिजली ऑफिसात गेलो तेव्हा खिडकीवरचा माणूस एवढेच म्हणाला, "पूरा जमा करो, नहीं तो कटेगा." दादा मागे वळले होते. वहिनींनी मात्र अर्ज पुढे सरकवला: थकबाकीचे हप्ते करून द्यावेत, चालू बिल दर महिन्याला भरू. प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय त्या हलल्या नाहीत. वरच्या साहेबांनी चार हप्ते करून दिले. ते झाले नसते तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायचे ठरले होते.

मंडळीच्या समितीत मतभेद झाले. काही जणांना वाटले, आपण सगळी थकबाकी एकदम भरून टाकावी. दादांनीच नको म्हटले. तेव्हा पाळकसाहेबांनी 2 राजे 4 मधली विधवा काढली. अलीशा तिला आधी विचारतो, घरात काय आहे? मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, आणि दार लावून तेल ओतायला. शेजाऱ्यांनी कशाला हवीत म्हणून विचारल्याचे तिथे कुठे लिहिलेले नाही, आणि तेल ओतताना बाहेरच्या कोणी पाहिलेही नाही. कर्जाची लाज किती असते हे त्या बंद दारावरून कळते. आपल्याकडे मात्र भांडे देण्याआधी दहा प्रश्न विचारायची रीत आहे.

शेवटी मंडळीने फक्त एका महिन्याचे चालू बिल भरले. शेजारच्या काकूंनी, ख्रिस्ती नसलेल्या, आपल्या फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून ठेवला, वीज गेलीच तर म्हणून. काही विचारले नाही.

आता वहिनी दर शनिवारी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहितात. महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत राहिला तर राज्याच्या अटल गृह ज्योती योजनेत पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपयेच पडतात, त्यामुळे इस्त्री आता गल्लीतल्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडे जाते. दादांना एका दुकानात हिशेबाचे काम मिळाले आहे, पगार उशिरा होतो. चौथा हप्ता या महिन्याच्या वीस तारखेला आहे आणि न्यायालयाची तारीख त्यानंतर आठ दिवसांनी. दोन्हींसाठी प्रार्थनेत आठवण ठेवा.