गुप्त उष्णतेचे खाते

पदार्थाच्या अवस्था तीन : घन, द्रव आणि वायू. महालातल्या माणसाची आणखी एक होते, ती मे महिन्यात. तिला आमच्याकडे नुसतेच ‘अवस्था’ म्हणतात. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. मे 2024 मध्ये तर एका स्वयंचलित यंत्राने 56 अंश दाखवले. पुढे यंत्रच बिघडलेले निघाले. आम्हाला वाईट वाटले. हातचा विक्रम गेला!

मी पडलो कॉमर्सचा. विज्ञानही मला जमा-नावे केल्याशिवाय कळत नाही. शून्य अंशाचा बर्फ शेगडीवर ठेवा. खालून उष्णता जमा होतेय, पण सगळा बर्फ वितळेपर्यंत पारा शून्यावरून हलत नाही. ग्रॅममागे 80 कॅलरी गडप! ऑडिटर याला सरळ अफरातफर म्हणेल. अठराव्या शतकात ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने हे खाते उघडकीस आणले. आमच्या पुस्तकात त्याला ‘गुप्त उष्णता’ म्हणत, मुलांच्या पुस्तकात ‘अप्रकट उष्मा’. माझ्या मते थर्मामीटर हे बचत खात्याचे पासबुक. ही रक्कम मुदत ठेवीत गेलेली असते. एकमेकांना धरून बसलेल्या कणांना सोडवण्यात ती गुंतते, आणि वाफेचे पुन्हा पाणी झाले की ठेव परत. उकळत्या पाण्यापेक्षा त्याच तापमानाची वाफ जास्त भाजते ती यामुळेच. ग्रॅममागे 540 कॅलरी एकदम हातावर वटतात.

आमचा कूलर चालतो तो याच खात्यावर. पंखा बाहेरची झळ ओल्या वाळ्याच्या ताट्यांमधून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि तिला लागणारी उष्णता हवेतून वजा होते. एक लिटर पाणी असे उडून गेले, की सात किलो बर्फ वितळल्याइतकी उष्णता घेऊन जाते. म्हणजे एका बादलीत 70 किलो बर्फाचा ऐवज!

शेजारचे अण्णा मात्र कूलर लावून खिडक्या घट्ट बंद करतात. तासाभरात खोलीतली हवा वाफेने भरते, नवे पाणी उडायचे थांबते आणि आत अण्णांची इडली होते.

“अण्णा, एक खिडकी उघडा नं.”

“गार हवा गल्लीला वाटू? तुम्ही बँकवाले दुसऱ्याच्या पैशावर उदार!”

माझी आई 82 वर्षांची आहे. कडक उन्हाळ्यात शरीरापाशीही हीच एक युक्ती उरते : घाम उडायचा आणि अंग निवायचे. वय झाले की घामच कमी येतो. म्हणून मे महिन्यात रात्री दोन वाजता मी बॅटरी घेऊन कूलरच्या टाकीत डोकावतो. लाइट गेली तर आईचे हातपाय ओल्या फडक्याने पुसून हातपंख्याने वारा घालतो. ती म्हणते, “झोप रे, उद्या बँक आहे.” यात थट्टेसारखे काही नाही.

जुलैत कूलरचा संप होतो. मेमध्ये 44 अंशांच्या कोरड्या हवेला तो 25-26 पर्यंत खाली ओढतो; जुलैत बाहेर 32 आणि आर्द्रता 80 टक्के, तेव्हा जिवाचा आटापिटा करूनही 29 च्या खाली उतरत नाही. दुरुस्तीला बोलावलेल्या कारागिराने पंप बघितला, ताट्या दाबल्या नि म्हणाला, “मोटार ठीक आहे जी, पाणीबी ठीक आहे. हवाच पिऊन तर्र आहे, आणखी काहून पिईल?” एवढे सोपे मला कॉलेजात कोणी सांगितले नाही.

शेवटी सौ.ने आईच्या खोलीत एसी बसवला, 18 हप्त्यांत. त्यातही व्यवहार तोच. नळीतला द्रव खोलीत वायू होतो, जाताना उष्णता घेऊन जातो, बाहेरच्या पेटीत पुन्हा द्रव होतो आणि घेतलेली सगळी तिथे जमा करतो. बाहेर म्हणजे, गल्ली महालातली असल्यामुळे, बरोबर अण्णांच्या खिडकीवर. ती सुदैवाने बंद असते.