आहेराची वही

पत्रिका घरात आली की आई ती आधी देवापुढे ठेवायची, हळदकुंकू लावायची आणि मग हाक मारायची, "वही काढ रे." कोणती वही, हे विचारावं लागत नसे. लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर, ठेवणीतल्या साड्यांच्या खाली, धोतराच्या जुन्या फडक्यात ती बांधून ठेवलेली असे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, मधोमध दोऱ्यानं शिवलेली. व्यापारी दिवाळीत पूजतात त्या जातीची. आजोबांनी १९७४ साली माझ्या थोरल्या आत्याच्या साखरपुड्यासाठी ती कोरेगावच्या बाजारातून आणली होती. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली त्यांच्या सवयीची मोडीतली एक ओळ, आणि मग बाळबोध अक्षरात चार रकाने: नाव, गाव, वस्तू, रोख.

गावाचा रकाना नुसता शोभेचा नव्हे. भावकीत एकाच नावाची तीन माणसं निघतात, आणि 'कुठले?' या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय आमच्याकडे माणूस पुरता ओळखीचा होत नाही. त्या पहिल्या साखरपुड्याची पानं मी आजही सावकाश वाचतो. खण एक, नारळ एक. पितळी तांब्या एक. गहू दोन पायल्या. रोख पाच. रोख दोन. एका पानाच्या कडेला हळदीचं बोट उमटलंय, ते कुणाचं हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. आणि चार ठिकाणी वस्तू आणि रोख हे दोन्ही रकाने रिकामे आहेत. तिथे आजोबांनी आडवी रेघ मारलेली नाही. त्या जागी लिहिलंय, 'आले होते.'

हे दोन शब्द मला या वहीचा स्वभाव वाटतात. आहेराची वही म्हटलं की लोकांना हिशेब दिसतो: कुणी किती घातले, आपण किती फेडायचे. तसं वाचणारी घरं आहेत, मी पाहिली आहेत. पण आमची वही मुळात हजेरी घेते. त्या दिवशी आपल्या मांडवात कोण उभं होतं, हे ती विसरू देत नाही.

साखरपुड्याच्या आणि लग्नाच्या पानांतला फरक पहिल्या नजरेत कळतो. लग्नाची पानं भरगच्च: कळशी, घागर, डब्यांचा संच, साड्या, नाव घातलेली ताटं. स्टीलचा एखादा तांब्या हातात घेतला की अंगठ्याला बारीक ठिपक्यांची अक्षरं लागतात, 'सप्रेम भेट', आणि देणाऱ्याचं नाव घासून घासून निम्मं पुसलेलं. साखरपुड्याची पानं त्यामानानं हलकी, आणि ती तशीच असावीत असं आईचं ठाम मत होतं. साखरपुड्याला देणंघेणं असतं ते दोन घरांचं. मुलाकडचे मुलीला साडी, अंगठी देतात, तिची ओटी भरतात, साखरेचा पुडा हाती देतात. मुलीकडचे मुलाला पोशाख आणि अंगठी करतात. बाकीच्यांनी कुंकू लावावं, तोंड गोड करावं, हातावर पाकीट ठेवावं. "लग्नाचा आहेर साखरपुड्याला करू नये," आई म्हणायची. जवळच्या मावशीनं जोशात येऊन कपाटाएवढी वस्तू आणली, तर शेजारी खणनारळ घेऊन आलेली बाई आपली पिशवी पदराआड धरते. ही पिशवी आडोशाला जाऊ नये, हीच आमच्या घरची रीत.

पाकिटावरच्या रुपयाचीही एक रीत आहे. एक्कावन्न, एकशे एक, पाचशे एक. आजी सांगायची, पूर्ण आकडा दिला की देणंघेणं तिथेच मिटलं. वरचा एक रुपया पुढच्या भेटीसाठी उरतो. मला हे पटतं. नाणं चिकटवलेलं पाकीट हाताला थोडं जड लागतं आणि देणाऱ्याचं बोट त्या नाण्यावर असतं.

वहीत एक गोष्ट आजोबांची नव्हे, आईची आहे. काही नावांपुढे पेन्सिलीचा बारीक ठिपका आहे. माहीत नसलेल्याला तो दिसणारही नाही.

पहिला ठिपका वडिलांच्या चुलत बहिणीच्या नावापुढे आहे. त्या आत्याच्या घरी जिरायती जमीन, तीही थोडी. १९९१ साली तिच्या मुलाच्या लग्नात वडिलांनी एक हजार एक रुपये आहेर केला. बहिणीचं कार्य, मायेनं केलं, आणि आपल्याला जमत होतं म्हणून केलं. वर्षभरानं माझ्या बहिणीचा साखरपुडा होता. आत्या आली, पाकीट दिलं, मी टेबलापाशी बसलो होतो, मीच नाव लिहिलं: अकराशे एक. आलेल्या आहेरापेक्षा थोडं वर द्यायचं, ही रीत तिनंही पाळली होती. आत्यानं त्या अकराशेसाठी दुभती शेळी विकली, हे आईला चारपाच महिन्यांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या रात्री तिनं वही काढली. वडील समोर बसले होते, बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिनं माझ्या हातची ती ओळ शोधली आणि पेन्सिलीनं ठिपका ठेवला.

त्या ठिपक्याचा अर्थ 'इथे कमी द्या' असा नव्हता. अशा घरी आम्ही कार्याच्या आदल्या दिवशी जायला लागलो. तांदळाचं पोतं, तेलाचा डबा, भाजी मागच्या दारानं स्वयंपाकघरात जायची. आई पदर खोचून पुऱ्या लाटायला बसायची, वडील मंडपवाल्याचा विषय परस्पर मिटवून यायचे. कार्याच्या दिवशी टेबलावर मात्र एकशे एक. त्यांच्या वहीत आमच्या नावापुढे तेवढंच लागायचं आणि तेवढंच त्यांना परत करता यायचं. देणाऱ्यानं आपली ऐपत पाहावी हे सगळेच सांगतात. घेणाऱ्याला ते पेलेल का, उद्या परत करताना त्याची दमछाक होईल का, हे पाहणं मला आईनं त्या ठिपक्यानं शिकवलं.

पुढे कायद्याची भाषा वाचली तेव्हा मला आमची वहीच आठवली. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१चा. मागणी नसताना लग्नात दिलेल्या भेटींना तो आडकाठी करत नाही, पण त्यांची यादी ठेवायला सांगतो, आणि ती यादी कशी असावी याचे नियम १९८५ साली आले. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनं ठेवायची, वराला मिळालेल्यांची वरानं. भेटीचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर नातं, आणि खाली दोघांच्या सह्या. म्हणजे लाल पुठ्ठ्याच्या वहीत गावाऐवजी नातं आणि शेवटी सही. वधूकडून वराला जाणाऱ्या भेटी रूढीला धरून असाव्यात आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानानं जास्त नसाव्यात, असंही हाच कायदा म्हणतो. आणि मागून घेतलेली वस्तू, मग ती साखरपुड्यातली अंगठी असो की मोटारसायकल, लग्नाच्या संबंधानं मागितली की हुंडाच. लग्नाआधी घेतली म्हणून ती भेट ठरत नाही. ही यादी ठेवणारी घरं मला फारशी दिसत नाहीत. ती ठेवली पाहिजे. मुलीवर वाईट दिवस आले आणि 'हे तिचं आहे' असं सांगायची वेळ आली, तर असा कागद तिच्या बाजूनं उभा राहू शकतो.

आहेर लाऊडस्पीकरवरून पुकारण्याची पद्धत मला कधीच आवडली नाही. नाव, गाव, आणि मग मोठ्यानं आकडा. नाव आणि गाव पुकारा, त्यात माणसाचा मान आहे. आकडा वहीपाशीच राहू द्यावा. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं असेल तर ते मनापासून छापलंय असं धरावं आणि पाळावं. नाहीतर सांगितल्याप्रमाणे रिकाम्या हातानं आलेला माणूस रांगेत उगाच अवघडतो.

वहीच्या एका पानावर मथळ्यात 'साखरपुडा' लिहून पुढे वेगळ्या शाईत 'व लग्न' असं आहे. चुलतभावाचं. दोन्हीकडची वडीलधारी सकाळी एकत्र बसली, दोनदा खर्च कशाला म्हणाली आणि साखरपुड्यातच लग्न लागलं. खणनारळ घेऊन आलेल्या काहीजणी कावऱ्याबावऱ्या झाल्या, दोघं-तिघं भांड्यांच्या दुकानाकडे धावले. आईनं त्यांना वाटेतूनच परत बोलावून घेतलं. त्या पानावर खण आहेत, नारळ आहेत, आणि ते लग्नाच्या आहेरात बरोबरीनं मांडलेत.

आई गेल्यावर वही माझ्याकडे आली. गेल्या वैशाखात पुतणीचा साखरपुडा झाला. प्रवेशद्वाराशी टेबल, त्यावर क्यूआर कोडची पाटी, आणि पुतण्या लॅपटॉप उघडून बसलेला. पोरगं नेटकं काम करत होतं. नाव, रक्कम, बेरीज आपोआप. मी शेजारी वही घेऊन बसलो होतो, त्यानं हरकत घेतली नाही.

दुपारच्या गर्दीत ती पहिल्या ठिपक्याची आत्या आली. आता ऐंशीच्या पुढची, नातवाचा हात धरून. पिशवीतून तिनं साखरेचा पुडा काढला. गुलाबी पतंगी कागदाचा शंकू, कडेला चंदेरी कागदाची कातरलेली झालर, टोकाला लोकरीचा गोंडा. झालर एका बाजूला थोडी तिरकी कापली गेली होती. आत पावशेर साखर असेल. "हात कापतो रे आता," ती म्हणाली, "दोन दिवस लागले."

पुतण्यानं मान वर करून विचारलं, "आत्याआजी, रक्कम किती घालू?"

मी वही पुढे ओढली. तिचं नाव लिहिलं. वस्तूच्या रकान्यात लिहिलं, 'साखरेचा पुडा एक, स्वतः केलेला.' ती वाकून बघत होती, पण चष्मा घरी राहिला होता.

"काय लिहिलंस, वाच बघू."

मी वाचून दाखवलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं.

"आणि गाव?" ती म्हणाली. "गाव राहिलं की."

मी गाव लिहिलं.