आधी आवाज सारखा करा!

नव्वदच्या आसपास कॉलेजात असलेल्या आम्हा मंडळींच्या घरी एखाद्या खणाला आई हात लावत नसे. त्यात लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबापासून आणलेले कंडेन्सर, २एन३०५५ ट्रान्झिस्टर, १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर असा संसार. मोरीच्या फरशीवर सर्किट बोर्ड कोरायच्या फेरिक क्लोराइडचे तपकिरी डाग पडलेले. त्यावरून बोलणी रोजचीच.

१९९१ साली मेटॅलिकाचा काळा अल्बम आला आणि सगळ्यांना गिटारचा तसाच गुरगुरता आवाज हवा झाला. मार्शलच्या अ‍ॅम्प्लिफायरची किंमत विचारण्याचीही आमची ऐपत नव्हती. मग घरीच अ‍ॅम्प्लिफायर बनवायला आजोबांचा वॉल्व्हचा रेडिओ माळ्यावरून खाली यायचा. ईसीसी८३ वॉल्व्हच्या एका काचेत दोन ट्रायोड. एकेक टप्पा सिग्नल पन्नास-साठपट सहज वाढवणार. असे तीन टप्पे एकापुढे एक जोडले की तार जराशी छेडली तरी लाटेचा माथा आणि तळ कापला जाई. हवा होता तो आवाज त्या कापण्यातच होता. पण गिटारबरोबर मेन्सची घूंही तेवढीच फुगे. मग फिलामेंटच्या वायरींना पीळ घाल, इनपुटला शील्डेड वायर लाव, सगळं अर्थिंग एका ठिकाणी आण. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट दबा धरून असत, म्हणून एक हात खिशात ठेवूनच काम करायचं, असा दंडक.

रविवारी दुपारी सामना. एकाचा वॉल्व्हचा डबा, दुसऱ्याचा ७४१ आयसी आणि दोन डायोडवर गुरगुरणारा ट्रान्झिस्टरचा. वामकुक्षी मोडलेले काका दारात उभे, आणि आत वॉल्व्ह थोर की ट्रान्झिस्टर यावर हमरीतुमरी. टीव्ही दुरुस्त करणारा वाड्यातला दादा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "आधी आवाज सारखा करा, मग भांडा. आणि स्पीकर एकच लावा."

केलं तसं. जो डबा मोठ्यानं वाजत होता, तोच सगळ्यांना चांगला वाटत होता. आवाज सारखा केल्यावर त्याचं निम्मं मोठेपण ओसरलं. उरलेलं बरंचसं स्पीकरनं नेलं. ट्वीटर जोडलेल्या खोक्यात कापलेल्या लाटेच्या वरच्या सुरांची नुसती खरखर कानावर येई. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्‌झच्या वर फारसं काही ऐकूच देत नाही, त्यामुळे तोच डबा त्याच्यावर भरदार वाजे. वॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांत फरक होता, नाही असं नाही. पण त्यावरून अबोला धरावा एवढा नव्हता.

आता मुलांच्या फोनमध्ये मार्शल, मेसा बूगी अशा सगळ्या अ‍ॅम्प्लिफायरांच्या नकला हजर. बोट फिरवायचं, पाच सेकंद वाजवायचं आणि निकाल द्यायचा. शेजारी बसलेला आमच्यातला कुणीतरी मग हटकून विचारतो, "व्हॉल्यूम सारखा केलास का रे?" मुलगा वैतागतो, पण करून बघतो. आणि बहुतेक वेळा निकाल फिरतो.